पाच टक्के म्हणजे नक्की किती?

मागच्या अंकात घोडबंदर रोडवरच्या एका वाचक भगिनींनी विचारलं होतं, की सोसायटीत बोअरचं पाणी येतं, बाथरूमच्या टाइल्सवर पांढरे थर बसतात, ते कसे काढायचे? मी एका ओळीत उत्तर दिलं होतं: "पाच टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड लावा, पाच मिनिटांनी भरपूर पाण्यानं धुवा." ओळ चुकीची नव्हती, पण अपुरी होती. महिनाभर त्या ओळीवरच पत्रं येत राहिली. रबाळ्याच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये मी 31 वर्षं काढली. तिथे "पाच टक्के" म्हटलं की कशाचे आणि कशात हे सगळ्यांना ठाऊक असे. घरी बसून वाचणाऱ्याला ते कसं ठाऊक असणार? हा दोष माझा, म्हणून या वेळचं सदर पूर्ण याच विषयाला.

"ताई, दुकानदार म्हणाला एकास दहा पाणी घाला. तुम्ही म्हणता पाच टक्के. मी 100 मिली पाण्यात 5 मिली ॲसिड घातलं, तर डाग हललेसुद्धा नाहीत. कोणाचं ऐकू?"
– एक गृहिणी, कोपरी, ठाणे

तुम्ही केलंत ते माझं वाक्य वाचून कुणीही केलं असतं. गोम अशी, की दुकानातून आणलेलं ॲसिड हे नुसतं ॲसिड नसतंच. हायड्रोजन क्लोराइड हा मुळात वायू आहे. तो पाण्यात विरघळवला की त्याला आपण हायड्रोक्लोरिक ॲसिड म्हणतो. पाणीही त्याला हवं तितकं सामावून घेत नाही. आपल्या नेहमीच्या तापमानाला 40 टक्क्यांच्या आसपास ते थांबतं. बाजारात सुटं मिळणारं पिवळसर ॲसिड साधारण 30 टक्क्यांचं असतं. (पिवळेपणा बहुधा त्यात उतरलेल्या लोखंडाचा.) म्हणजे 100 ग्रॅम ॲसिडात खरा माल 30 ग्रॅम, बाकी 70 ग्रॅम पाणीच.

आता तुमचे 5 मिली. हे ॲसिड पाण्यापेक्षा जड असतं, लिटरचं वजन 1 किलो 150 ग्रॅम भरतं. त्यामुळे 5 मिलीचं वजन झालं पावणेसहा ग्रॅम, आणि त्यात खरं ॲसिड पावणेदोन ग्रॅमच्या जरा आत. ते 100 मिली पाण्यात मिसळलं की द्रावण झालं जेमतेम 1.6 टक्के. डाग हलले नाहीत यात नवल नाही.

दुकानदाराचा "एकास दहा" हा हिशेबही पाहू. एक लिटर ॲसिडात 345 ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड. त्यात दहा लिटर पाणी आलं की एकूण वजन 11 किलो 150 ग्रॅम. भागाकार केला की 3.1 टक्के. मला हवे होते पाच. त्यासाठी एका मगाला पावणेसहा मग पाणी लागेल. कच्चा थर असेल तर दुकानदाराचं प्रमाणही काम करेल, फक्त वेळ जास्त लागेल. त्यामुळे तो चुकला असं मी म्हणणार नाही.

पण खरं सांगू? आज मला पुन्हा विचारलंत तर मी सुटं ॲसिड आणायला सांगणारच नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 सालच्या आदेशानंतर सुटं ॲसिड विकताना दुकानदारानं नोंदवही ठेवणं आणि ओळखपत्र पाहणं बंधनकारक आहे. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या एका मुलीच्या याचिकेवर तो आदेश आला, आणि तो पाळला गेलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. घरासाठी टॉयलेट क्लीनरची बाटली घ्या. अनेक बाटल्यांवर मागच्या बाजूला बारीक अक्षरात हायड्रोक्लोरिक ॲसिडचे टक्के छापलेले असतात, पुष्कळदा 10. त्यात तितकंच पाणी घातलं की तुमचे पाच टक्के तयार.

आधी पाणी घ्या, मग त्यात ॲसिड सोडा, उलट नको. खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला. संगमरवर, कडाप्पा, कोटा यांच्या जवळपासही हे नेऊ नका. ते दगड आणि तुमचा पांढरा थर रसायनाच्या दृष्टीनं एकाच घरातले, ॲसिड दोघांनाही खातं. टाइल्समधल्या सिमेंटच्या भेगा आधी पाण्यानं भिजवून घ्या, म्हणजे ॲसिड आत मुरणार नाही. आणि त्याच दिवशी, त्याच बाथरूममध्ये ब्लीचिंग पावडर किंवा कपड्यांचं ब्लीच वापरू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात त्यानं माणूस कोसळू शकतो.

"मॅडम, आमच्या पुस्तकात संहत हायड्रोक्लोरिक आम्ल 12 मोलर लिहिलंय. कॉलेजच्या बाटलीवर 35.4 टक्के आणि 1.18 असे दोन आकडे आहेत, 12 कुठेच नाही. 0.1 नॉर्मल करायला 8.5 मिली घेऊन लिटरभर केलं, तर टायट्रेशनला 0.097 आलं. सर म्हणाले चालेल. पण माझं काय चुकलं?"
– बारावीची विद्यार्थिनी, ऐरोली

काही चुकलं नाही तुझं. तुझं रीडिंग इतकं छान आहे की पत्र वाचून मी लगेच वहीत गणित मांडलं. (बाकी वाचकांसाठी: संहत म्हणजे दाट, विरल म्हणजे पातळ. मोल हे रसायन मोजायचं माप, लिटरला जितके मोल तितकं द्रावण मोलर, आणि या आम्लाला नॉर्मलचा आकडाही तोच. टायट्रेशन म्हणजे ब्युरेटमधून, म्हणजे खुणांच्या आणि तोटीच्या काचनळीतून, ठाऊक ताकदीचं द्रावण थेंबाथेंबानं सोडून दुसऱ्याची ताकद मोजणं.)

बाटलीवरचे दोन्ही आकडे एकत्र वाचायचे असतात. 1.18 ही घनता, म्हणजे एका लिटरचं वजन 1180 ग्रॅम. त्यातले 35.4 टक्के, म्हणजे 417.7 ग्रॅम, हायड्रोजन क्लोराइड. एका मोलचं वजन 36.46 ग्रॅम. भाग दे: 11.46. तुझ्या बाटलीतलं आम्ल 12 मोलर नाहीच, साडेअकराच्या जरा आत आहे. आता 8.5 मिलीला 11.46 नं गुण: 97.4 मिलिमोल. ते लिटरभर पाण्यात आले की 0.097. तुझ्या ब्युरेटनं बाटली बरोबर वाचली!

पुस्तकातले 12 खोटे नाहीत. 37 टक्क्यांच्या बाटलीचा हिशेब केलास तर बारा येतात. संहत आम्ल म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्या 35 ते 38 टक्क्यांच्या असतात, आणि त्यांची मोलॅरिटी सव्वाअकरापासून जवळपास साडेबारापर्यंत फिरते. पुस्तक एक गोल आकडा देतं, कारण पुस्तकासमोर तुझी बाटली नसते.

बाटलीतले टक्के वजनाचे असतात: 100 ग्रॅम द्रावणात 35.4 ग्रॅम. हेच कुणी "100 मिलीत किती" असं मोजलं तर उत्तर 41.8 येतं. बाटली तीच, आम्ल तेच, आकडे दोन. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी एका जुन्या कार्डावर "10 टक्के एचसीएल" लिहिलं होतं. मी ते वजनानं बनवलं. आधीच्या पाळीचा केमिस्ट मात्र 10 मिली संहत आम्ल घेऊन 100 मिली करत असे. त्याचं द्रावण प्रत्यक्षात चार टक्क्यांच्या आसपास होतं, माझं दहाचं. आठवडाभर दोन पाळ्यांचे निकाल जुळेनात आणि दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक. शेवटी आम्ही सगळी कार्डं नव्यानं लिहिली. प्रत्येक टक्क्यापुढे वजन की आकारमान ते लिहायचं, असा आमच्या लॅबचा नियम तेव्हापासून झाला.

आणखी एक. बाटली उघडलीस की पांढरा धूर दिसतो ना? पावसाळ्यात जास्तच दिसेल. तो सुटणारा हायड्रोजन क्लोराइड हवेतल्या बाष्पाबरोबर बारीक थेंब करतो. म्हणजे दर वेळी बूच उघडलं की बाटली थोडी थोडी विरल होते. म्हणूनच संहत आम्लावरून थेट हिशेब करून बनवलेल्या द्रावणावर कुणी पूर्ण विश्वास ठेवत नाही. सुकवलेल्या सोडियम कार्बोनेटशी ते ताडून पाहतात: 25 मिली 0.1 नॉर्मल आम्लाला 0.1325 ग्रॅम सोडियम कार्बोनेट पुरतं. फॅक्टर, म्हणजे खरी ताकद ठरवलेल्या ताकदीच्या किती पट ते, काढायचा तो त्यासाठी, सरांना खूश करायला नाही.

तुला आवडेल अशी एक गोष्ट सांगते. हे आम्ल उकळत ठेवलं तर काय होईल? संहत असेल तर आधी आम्ल जास्त उडतं, विरल असेल तर आधी पाणी जास्त उडतं. दोन्ही बाजूंनी ते येऊन थांबतं 20.2 टक्क्यांवर. तिथे उकळबिंदू 108.6 अंश सेल्सिअस, आणि त्यापुढे वाफ आणि द्रावण यांचं प्रमाण सारखंच राहतं. पूर्वी रसायनशास्त्रज्ञ या स्थिर-उकळत्या आम्लाचं वजन करूनच प्रमाणित द्रावण बनवत. निसर्गानं स्वतः मोजून दिलेला आकडा! मला तो पहिल्यांदा कळला तेव्हा किती आनंद झाला होता, ते अजून आठवतं. प्रयोग घरी मात्र करायचा नाही. कॉलेजातही फ्यूम हूडमध्ये, सरांसोबतच.

"मुलं 'संहत' आणि 'तीव्र' हे शब्द एकाच अर्थानं वापरतात. वर्गात हे कसं समजवावं?"
– एक शिक्षिका, नेरूळ

सरांनो, बाईंनो, या प्रश्नासाठी मी तुमची आभारी आहे, कारण गोंधळ मुलांचा नाही, आपल्या बोलण्याचा आहे. "ॲसिड स्ट्राँग आहे" असं आपण दोन्हीला म्हणतो. कोपरीच्या दुकानदारानंही तेच म्हटलं असेल.

संहत म्हणजे द्रावणात आम्ल किती कोंबलंय. तीव्र म्हणजे जे आहे त्यातलं किती फुटून हायड्रोजन आयन देतं. पहिली गोष्ट आपण पाणी घालून बदलू शकतो, दुसरी त्या आम्लाचा स्वभाव असतो. हायड्रोक्लोरिक आम्ल विरल द्रावणात जवळजवळ पूर्ण फुटतं, म्हणून ते कितीही विरल केलं तरी तीव्र आम्लच राहतं.

वर्गात व्हिनेगर न्या. स्वयंपाकघरातलं पाच टक्क्यांचं व्हिनेगर म्हणजे लिटरला 50 ग्रॅम ॲसिटिक आम्ल, मोलॅरिटी सुमारे 0.83. दुसऱ्या पेल्यात 0.01 मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल घ्या. संहतीनं पाहिलं तर व्हिनेगर 83 पट पुढे. आता दोन्हींत पीएच पट्टी बुडवा: व्हिनेगर 2.4 च्या आसपास, हायड्रोक्लोरिक 2. कमी पीएच, म्हणजे जास्त आम्लता, 83 पट विरल असलेल्या द्रावणाची. मुलं स्वतः पट्टी बुडवतील तेव्हा हा फरक विसरणार नाहीत. (साध्या पट्टीवर रंगातला फरक थोडा असतो, म्हणून 0 ते 6 अशी अरुंद टप्प्याची पट्टी मागवा.)

"पोटात हेच ॲसिड असतं म्हणतात, मग पोट जळत कसं नाही?"
– एक ज्येष्ठ वाचक, कळवा

आजोबा, असतं तेच, पण फार पातळ. उपाशीपोटी जठरातला पीएच साधारण 1 ते 2 असतो. पीएच 1 म्हणजे लिटरला साडेतीन-पावणेचार ग्रॅम, संहत बाटलीच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. शिवाय जठराच्या आतल्या अस्तरावर श्लेष्म्याचा जाड थर असतो आणि त्यात बायकार्बोनेट असतं. ते आम्ल भिंतीपर्यंत पोचू देत नाही. छातीत जळजळ होते तेव्हा ते आम्ल वर अन्ननलिकेत आलेलं असतं, तिथे असं अस्तर नाही. वारंवार होत असेल तर डॉक्टरांना दाखवा, सोडा पिऊन दिवस काढू नका.

"मॅडम, आमचं पिकलिंगचं (ॲसिडात बुडवून लोखंडाचा गंज काढण्याचं) छोटं वर्कशॉप आहे. ॲसिडच्या टँकरला हायड्रोमीटर लावून ट्वॅडल बघतो. जुने लोक सांगायचे, जेवढे ट्वॅडल तेवढे टक्के. पण टाकीतल्या वापरलेल्या ॲसिडचं रीडिंग दर आठवड्याला वाढतं आणि गंज मात्र निघत नाही. ॲसिड वाढतंय का कमी होतंय?"
– सुपरवायझर, रबाळे एमआयडीसी

दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. माझी सगळी नोकरी त्याच पट्ट्यात गेली, आणि तुमचा प्रश्न हा या सदराचा खरा प्रश्न आहे.

जुन्या लोकांचं वाक्य बरोबर आहे, पण ते ताज्या ॲसिडापुरतं. ट्वॅडल हे घनतेचं माप: घनता 1.160 असेल तर दशांश चिन्हानंतरच्या 160 ला पाचनं भागा, झाले 32 ट्वॅडल. आणि शुद्ध हायड्रोक्लोरिकचे टक्केही तिथे 32 च्या जवळ. 20 टक्क्यांना, 10 टक्क्यांनाही हे बऱ्यापैकी जमतं. हा निव्वळ या एका ॲसिडाचा योगायोग. सल्फ्युरिकला लावाल तर 98 टक्क्यांच्या ॲसिडाला 168 ट्वॅडल येतील.

ताज्या ॲसिडालाही एक अट आहे. ट्वॅडलचा हायड्रोमीटर 60 अंश फॅरनहाइटला, म्हणजे 15.6 सेल्सिअसला जुळवलेला असतो. मे महिन्यात रबाळ्याला 15.6 कुठून आणणार? मी नवीन होते तेव्हा अशाच एका दुपारी टँकर आला. नमुना घेतला, हायड्रोमीटरनं 28 दाखवले, आमची अट किमान 30 ची. मी रिजेक्टची चिठ्ठी लिहिली. ड्रायव्हर रात्रभर गाडी चालवून आला होता, गेटबाहेर रस्त्याच्या कडेला, टँकरच्या सावलीत बसून होता. आमचे चीफ केमिस्ट आले, त्यांनी चिठ्ठी वाचली आणि एकच विचारलं, "थर्मामीटर लावला का?" नव्हता लावला. नमुना 42 अंशांवर होता. कँटीनमधून बर्फ आणून बादलीत नमुना थंड केला, पुन्हा हायड्रोमीटर सोडला: 31. तापमान 10 अंश वाढलं की या ॲसिडाचं रीडिंग साधारण एक ट्वॅडलनं, थोडं जास्तच, खाली येतं. मी एका निर्दोष माणसाची खेप परत पाठवणार होते. ती चिठ्ठी मी स्वतः फाडली आणि बाहेर जाऊन त्याला सांगितलं की चूक आमची होती.

आता तुमची टाकी. रीडिंग वाढतंय ते लोखंडामुळे. ॲसिड गंज खातं, थोडं लोखंडही खातं, आणि फेरस क्लोराइड होऊन ते द्रावणातच राहतं. ते द्रावणाला जड करतं. हायड्रोमीटरला जडपणा तेवढा कळतो, तो कशाचा आहे ते नाही. तो 30 दाखवेल आणि टाकीत पाच टक्केही ॲसिड उरलेलं नसेल. तुमचं ॲसिड कमीच होतंय.

त्यामुळे टाकीसाठी हायड्रोमीटर बाजूला ठेवा आणि टायट्रेशन शिका. एक ब्युरेट, एक पिपेट, पिपेटला रबरी बल्ब, 1 नॉर्मल कॉस्टिक सोडा आणि मिथाइल ऑरेंज (ॲसिड संपलं की रंग बदलणारा दर्शक), एवढं पुरतं. टाकी ढवळून 5 मिली नमुना घ्या, पाण्यानं वाढवा, मिथाइल ऑरेंजचे दोन थेंब टाका, लालचा पिवळा होईपर्यंत ब्युरेटमधून कॉस्टिक थेंबाथेंबानं घालत राहा. फिनॉल्फ्थॅलिन हा दुसरा दर्शक नको. त्याचा रंग बदलेपर्यंत लोखंडही कॉस्टिक खातं आणि ॲसिड आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. जितके मिली लागले त्यांना 36.46 नं गुणून 5 नं भागा. समजा 20.5 मिली लागले, तर उत्तर 149.5, म्हणजे लिटरला जवळपास 150 ग्रॅम. ताज्या, लोखंड नसलेल्या ॲसिडात हे 14 टक्के होतात, पिकलिंगला चांगले.

रीडिंग 80 ग्रॅमवर आलं आणि तुम्हाला पुन्हा 150 हवं, टाकी 500 लिटरची, तर 132 लिटर काढून तेवढंच 30 टक्क्यांचं ताजं ॲसिड भरावं लागेल. पण लोखंड लिटरला 100 ग्रॅमच्या पुढे गेलं असेल तर माझ्या अनुभवात टाकी बदललेलीच बरी, नुसतं वरून भरत राहिलात तर ॲसिडही जातं आणि गंजही राहतो.

काढलेलं ॲसिड नाल्यात सोडू नका. चुना टाकून सोडलं तरी त्यातलं लोखंड गाळ होऊन जातंच. आपल्या पट्ट्यातले नाले ठाणे खाडीला मिळतात. तिथे फ्लेमिंगो उतरतात, 2015 मध्ये ते अभयारण्य झालं, 2022 मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. ऐरोलीच्या पुलावरून ती गुलाबी रांग दिसली की मी अजूनही रिक्षा थांबवायला सांगते. वापरलेलं पिकलिंग ॲसिड धोकादायक कचऱ्यात मोडतं, त्याची विल्हेवाट लावण्याची सोय महाप्याला आहे. छोट्या वर्कशॉप्सनी मिळून एक गाडी ठरवली तर खर्च वाटून जातो.

नमुना लॅबकडे पाठवायचा झाला तर जाड प्लास्टिकच्या बाटलीत, घट्ट बूच, वर मोठ्या अक्षरात नाव. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत कधीही नाही. आणि मला पुन्हा लिहाल तेव्हा ट्वॅडल नको, लिटरला किती ग्रॅम ॲसिड आणि किती ग्रॅम लोखंड, तेवढं कळवा.